प्र: दुखणं मोजता येतं का?
‘दहापैकी किती दुखतंय’ हा आकडा व्यक्तिनिष्ठ, म्हणून त्यावर संशोधनच होऊ शकत नाही, असं या प्रश्नाच्या दुसऱ्या एका उत्तरात म्हटलंय. अर्धंच पटलं. आकडा कधी विचारला यावर बरंच ठरतं, आणि तेवढं तरी नक्की तपासता येतं. डॉक्टर रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ कानेमन यांच्या १९९६ च्या अभ्यासात कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून करायच्या तपासणीच्या) १५४ रुग्णांकडून तपासणी चालू असतानाच दर मिनिटाला आकडा घेतला, आणि नंतर ‘एकूण किती त्रास झाला?’ हेही विचारलं. कुणी ४ मिनिटांत सुटलं होतं, कुणी ६७ मिनिटं पडून होतं. पण आठवणीतल्या त्रासाचा तपासणी किती वेळ चालली याच्याशी जवळपास संबंधच नव्हता. तो ठरला सर्वांत वाईट क्षणावर आणि शेवटच्या ३ मिनिटांवर.

आमच्या आईच्या गुडघ्याचं तेच. कालनिर्णयवर रोज तीनदा आकडा लिहायचो. आठवडाभर तीन, चार, फार तर पाच. फिजिओथेरपिस्टने आठवड्याचं विचारलं तर म्हणाली, “आठ.” दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, नुकतीच जिने चढून आली होती! खोटं बोलत नव्हती बिचारी.