यूआयमधल्या ‘स्कीमा’ला मराठीत काय म्हणता?

इतवारीकर
मंडळी, इथल्या डिझाइनच्या पोरांसाठी यूआयवर, म्हणजे पडद्यावरच्या बटणं-चित्रांच्या मांडणीवर, मराठीत नोट्स लिहून राहिलो. मेटाफरला रूपक, त्यात वाद नाही. पडद्याला टेबल मानायचं, त्यावर कागद न् फोल्डर ठेवायचे, हे झेरॉक्स स्टार या संगणकाने १९८१ मध्ये बाजारात आणलं, कचरापेटी अॅपलच्या लिसा संगणकात १९८३ला दिसली, इथवर पोरं मजेत ऐकतात. अडलो स्कीमावर. म्हणजे ‘हे असं चालते’ असं माणसाच्या मनात आधीच बसलेलं असते ना, ते. मनोप्रतिमा लिहिलं तर पोरं विचारतात सर ही कविता आहे का.

बर्डीची
ठोकताळा म्हणा की! सोपा शब्द आहे, कोणालाही समजते.

इतवारीकर
ठोकताळा आपण बांधतो हो ताई, मुद्दाम. आडाखाही तसाच. हे तर नकळत बसलेलं असते, विचारलं तर सांगताही येत नाही.

धंतोली३
मग ‘घडी’ घ्या. मनात घडी बसली, घडी विस्कटली, आपण रोजच बोलतो.
उदाहरण देतो. आईला फोनवर सांगून राहिलो होतो की पान वर कर, ती बोट वर सरकवे आणि मजकूर पुढचाच येत जाये, मी म्हणे अगं वर, ती म्हणे वरच तर करून राहिली बे. दोघंही बरोबर! तिच्या मनात बोटाखाली कागद आहे, कागद वर ढकलला की खालचं दिसणारच, माझ्या मनात मात्र मी स्वतः पानावर वर चढतो, कारण मी माउसच्या चाकावर शिकलेला माणूस. अॅपलने २०११ मध्ये मॅकच्या लायन या आवृत्तीत स्क्रोलची दिशा फोनसारखी उलटी केली न् नाव ठेवलं नॅचरल, तेव्हा माझ्यासारख्या जुन्या लोकांची किती चिडचिड झाली. रूपक कागदाचंच होतं, घडी मात्र दोन प्रकारच्या होत्या.

बर्डीची
घडी म्हणजे क्षण पण होते ना पण. शिवाय कपड्याची घडी. काऊन गोंधळ वाढवता?

धंतोली३
वाक्यात वापरला की कुठे गोंधळ होते? संसाराची घडी बसली म्हटल्यावर कोणी इस्त्री शोधते का 😄

इतवारीकर
मला घडी पटून राहिली, कारण त्याने रूपक वेगळं काढता येते. सेव्हचं चित्र पहा, साडेतीन इंची फ्लॉपी, फाइल साठवायची जुनी चकती, १.४४ एमबीची. माझ्या वर्गातल्या पोरांनी ती हातात घेतली नाही, एकाने तर तिला छोटा प्रिंटर समजला. तरी चौकोन दिसला की बोट बरोबर तिथेच जाते. रूपक मेलं, घडी शाबूत. आणि उलटंही होते. जुन्या मॅकवर फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र कचरापेटीवर ओढायचं! रूपक चांगलं जिवंत, पण कचऱ्यात टाकलं म्हणजे गेलं, ही घडी घेऊन आलेल्या माणसाचा हात थांबणारच, आतलं पुसलं तर? पुढे अॅपललाही ते सुधारावं लागलं, डिस्क ओढायला लागलं की पेटीच्या जागी बाहेर काढायची खूण दिसायची.

बर्डीची
हे पटलं. पण नोट्समध्ये पहिल्यांदा स्कीमा लिहा न् मग घडी, नाही तर परीक्षेत पोरं घडीच लिहून येतील आणि तपासणाऱ्याला कळणार नाही.

इतवारीकर
होय, तसंच करतो. एक शेवटचं, नव्या अपडेटने सगळी बटणं हलवली तर ‘युजरची घडी मोडते’ लिहू का?

धंतोली३
विस्कटते लिहा. घडी मोडणे म्हणजे नवा कपडा पहिल्यांदा घालणे, दिवाळीत मोडतो ती. तुमचा युजर खूश झाला असं वाटेल ना राजेहो.