आतषबाजीचे छायाचित्र एकाच फ्रेमचे असावे की जोडलेलेही चालेल?

तलावपाळीकर (ठाणे)

आमच्या गृहसंकुलात दिवाळीनंतर छायाचित्रांची छोटी स्पर्धा होते आणि यंदाच्या तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. पहिले बक्षीस मिळालेल्या चित्रात उपवन तलावावर आतषबाजीची सहा फुले एकाच वेळी उमललेली आहेत, मागे येऊरच्या डोंगराची काळी रेषा आहे आणि पुढे संथ पाणी. चित्र देखणे आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र आकाशात फुले सहा आहेत आणि पाण्यात चारच. उरलेली दोन संगणकावर आणून बसवलेली आहेत, असे मी म्हटले आणि दोन विरुद्ध एक मताने हरलो.

ट्रायपॉड घट्ट रोवावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान ठेवावे, दूरच्या एखाद्या दिव्यावर फोकस साधून तो मॅन्युअलवर टाकावा आणि बल्ब मोड (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते तो) लावून रिमोट हातात घ्यावा, एवढे कोणीही दोन संध्याकाळी शिकतो. खरी परीक्षा बटण केव्हा दाबायचे आणि केव्हा सोडायचे, यात असते. आवाज ऐकून दाबणारा हमखास चुकतो, कारण साडेतीनशे मीटरवरून आवाज यायला साधारण एक सेकंद लागतो आणि तोवर फुलाचा गाभा उमलून गेलेला असतो. म्हणून वर चढणाऱ्या ठिणगीवर नजर ठेवून ती विझण्याआधीच शटर उघडावे लागते. घरी बसून सहा फ्रेम एकावर एक चढवणाऱ्याला एकही अंदाज चुकल्याची किंमत मोजावी लागत नाही. स्पर्धेत तरी एका फ्रेमचाच नियम असावा, असे माझे मत आहे.

सागरविहार (वाशी)

आपला नियम मला मान्य नाही. बल्ब मोडवर काम करणारे बहुतेक जण काळा पुठ्ठा जवळ बाळगतात, आपणही बाळगत असाल. शटर तीस सेकंद उघडे ठेवायचे, एक फूल उमलून विझले की भिंगासमोर पुठ्ठा धरायचा, पुढची ठिणगी वर निघाली की तो बाजूला घ्यायचा. अशा रीतीने निरनिराळ्या वेळी फुटलेली तीन-चार फुले एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी येतात आणि ते चित्र आपल्या नियमात चपखल बसते. तेच काम संगणकावर केले की लबाडी कशी ठरते?

शिवाय चित्रातल्या फुलांच्या लांबलचक रेषा डोळ्यांना तरी कुठे दिसतात? आपल्याला दिसतात ते पसरत जाणारे ठिपके. त्यांचे धागे कॅमेऱ्याच्या चार सेकंदांतून निर्माण होतात. म्हणजे जे कोणी पाहिलेच नाही, ते दाखवण्याची मुभा आपण आधीच घेतलेली आहे.

खाडीकाठचा (कळवा)

पुठ्ठ्याचा मुद्दा वरवर बिनतोड वाटला तरी तो हिशेब वेगळा आहे. ठिणगी सरकत असते, त्यामुळे सेन्सरच्या एका जागेवर तिचा उजेड क्षणभरच पडतो. धाग्यांची प्रखरता ॲपर्चर आणि आयएसओवर ठरते, शटर किती वेळ उघडे आहे यावर नाही. उलट इमारतींच्या खिडक्या, रस्त्यावरचे दिवे आणि धूर जागच्या जागी असतात आणि पुठ्ठा हटवल्याच्या प्रत्येक सेकंदाला ते अधिक उजळत जातात. त्यामुळे पाचव्या फुलाचा मोह धरला तर गृहसंकुलांच्या खिडक्या पांढऱ्याफटक पडतात आणि पहिली चारही हातची जातात. ही किंमत जोडकामात द्यावी लागत नाही, एवढाच तलावपाळीकरांचा मुद्दा मी समजतो.

धुराबद्दल मात्र कोणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली, तेव्हापासून ज्याला नियम पाळायचा आहे त्याच्या हाती दोनच तास असतात, आणि वारा पडलेला असेल तर साडेआठनंतर प्रत्येक फूल तांबूस गढूळ पडद्यामागे उमलते. जोडकाम करणारे पहिल्या दहा मिनिटांच्या स्वच्छ फ्रेम तेवढ्या उचलतात आणि चित्रात सहा दारूकामांची फुले असूनही एका फुलझडीएवढाही धूर दिसत नाही. मला खटकते ते हे. (गडद निळी फुले दिसली तरी मी जरा थांबून पाहतो. निळ्या ज्योतीसाठी तांब्याची संयुगे लागतात आणि उष्णता जास्त झाली की तो रंग फिका पडतो. चित्रात निळाच निळा असेल तर बहुधा व्हाइट बॅलन्स (चित्राच्या रंगछटेचा समतोल) सरकवलेला असतो.)

ऐरोलीकर

एकच प्रश्न आहे. मोबाइलचा नाइट मोड बटण दाबल्यावर आपल्या नकळत अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकत्र करूनच चित्र देतो. एका फ्रेमचा नियम केला तर संकुलातली निम्मी मुले स्पर्धेबाहेर जातील. त्यांना काय सांगणार?

तलावपाळीकर (ठाणे)

ऐरोलीकरांनी मला निरुत्तर केले आहे. एका फ्रेमचा आग्रह मी मागे घेतो. त्याऐवजी प्रवेशिकेबरोबर फ्रेम किती आणि त्या कोणत्या वेळी घेतल्या, हे लिहून द्यावे, अशी सूचना पुढच्या बैठकीत मांडीन. परंतु त्या एका चित्राबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

सागरविहार (वाशी)

लिहून देण्याची अट मलाही मान्य आहे, फक्त ती पुठ्ठा वापरणाऱ्यांनाही लागू असावी. पण त्या चित्राच्या बाबतीत आपण घाई केली असावी, असे मला वाटते. फूल जितके उंच, तितके त्याचे प्रतिबिंब आपल्या काठाजवळ येते. खालची कड कापली असेल किंवा मध्ये कठडा येत असेल, तर सर्वांत उंच फुटलेल्या फुलांची प्रतिबिंबे चित्राबाहेर राहणे अगदी स्वाभाविक आहे. पाण्यात चारच दिसली, एवढ्यावरून जोडकाम सिद्ध होत नाही.

तलावपाळीकर (ठाणे)

आपला नियम बरोबर आहे, आणि त्यासाठीच मी काल रात्री ते चित्र पुन्हा मोठे करून पाहिले. उंचावरच्या चारही फुलांची प्रतिबिंबे पाण्यात आहेत, लहरींनी थोडी फाटलेली, पण जागच्या जागी. पाण्यात नसलेली दोन फुले सर्वांत खालची, समोरच्या काठावरच्या झाडांच्याही अलीकडे फुटलेली आहेत.