मदत हवी आहे: ही पेशी दृश्यकेंद्रकी की आदिकेंद्रकी? लवकर सांगा

घाईत_आहे: उद्या जर्नल तपासणार आहेत. स्लाइडवर हिरवे लांब धागे दिसतायत, त्यात कप्पे आहेत, केंद्रक कुठेच नाही. म्हणजे आदिकेंद्रकीच ना? फक्त हो किंवा नाही सांगा. व्याख्या पाठ आहे: दृश्यकेंद्रकीत पटलाने वेढलेलं केंद्रक असतं, आदिकेंद्रकीत नसतं.

काचपट्टी: कशाची स्लाइड? कितीची लेन्स? रंग घातलास का?

घाईत_आहे: पाण्याची.

काचपट्टी: अरे, कुठल्या पाण्याची?

घाईत_आहे: मामाच्या शेतातल्या हौदाच्या. 10 ची लेन्स. रंग कशाला, हिरवंच आहे की.

जुना_लॅबवाला: न रंगवता केंद्रक सहसा दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं धरू नकोस. आपल्या पक्व तांबड्या रक्तपेशीत तर केंद्रक खरंच नसतं, तरी ती दृश्यकेंद्रकीच. तू सरळ आकार मोज. 40 च्या लेन्सखाली दिसणारं वर्तुळ साधारण 450 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, त्याच्याशी पेशी ताडून बघ. जीवाणू बहुधा 1 ते 5 मायक्रॉन, दृश्यकेंद्रकी 10 ते 100.

पाणथळ: आकाराचं खूळ सोडा. थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सेंटीमीटरभर लांब असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाच्या खारफुटीत सापडला, 2022 मध्ये जाहीर झाला.

जुना_लॅबवाला: मामाच्या हौदात खारफुटी आहे का?

पाणथळ: ऑसिलेटोरिया (धाग्यासारखा नीलहरित जीवाणू) तर असू शकते! आदिकेंद्रकी असून तिचा धागा जाडीला 10 मायक्रॉनच्या पुढे जातो. मग तुमची मोजपट्टी काय कामाची?

सकाळचा_चहा: हौदात शेवाळ झालंय तर मोरचूद टाका, साफ होतं.

काचपट्टी: मोरचूद राहू दे. घाईत, 40 ची लेन्स लाव आणि हिरवा रंग कुठे आहे ते बघ. कप्पाभर सारखा, निळसर पसरलाय आणि धागा आपोआप सरकतोय, तर नीलहरित जीवाणू, म्हणजे आदिकेंद्रकी. हिरवा रंग वेगळ्या पट्ट्यात किंवा चकत्यांत बांधलेला असेल तर ती हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवा रंग असलेले वेगळे भाग. ती असली की दृश्यकेंद्रकी. पेशीभित्तिकेवरून काही ठरवू नकोस, ती दोन्हीकडे असते. नंतर कडेने आयोडीनचा थेंब सोड.

घाईत_आहे: स्प्रिंगसारखी हिरवी पट्टी आहे!! आयोडीनने पट्टीवरचे ठिपके काळेनिळे झाले.

काचपट्टी: स्पायरोगायरा, म्हणजे धाग्यासारखं हिरवं शेवाळ, दृश्यकेंद्रकी. ठिपक्यांत स्टार्च आहे. आता बारीक स्क्रू हळू फिरव. पेशीच्या मध्यावर, धाग्यांनी टांगलेलं पिवळसर तपकिरी काही दिसलं तर ते केंद्रक.

घाईत_आहे: दिसलं बहुतेक. आकृतीत तंतुकणिका (पेशीतले ऊर्जा देणारे भाग) किती काढू?

जुना_लॅबवाला: एकही नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्या तुला दिसल्यात का? दिसलं तेवढंच काढ.

पाणथळ: आमच्याकडे तंतुकणिका काढल्या नाहीत तर गुण कापतात.

जुना_लॅबवाला: मग निरीक्षणाची आकृती वेगळी आणि पुस्तकातली वेगळी काढ, खाली तसं लिही.

सकाळचा_चहा: मोरचूद किती टाकायचा ते कोणी सांगेल का?

पाणथळ: त्या हौदाचं पाणी जनावरं पीत असतील. अजिबात टाकू नका.