मदत हवी आहे: व्हील सिलिंडर ठरला, ब्रेक पाइप अडलाय

जुनी हॅचबॅक, मागे ड्रम ब्रेक. डाव्या व्हील सिलिंडरच्या (ड्रममधले ब्रेक शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर बूटाखाली ब्रेक ऑइल झिरपतंय. बोअरमधले (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे) गंजाचे खड्डे नखाला लागतात, म्हणजे नुसत्या सील किटने भागणार नाही. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि ऑइल प्यायलेले ब्रेक लायनर बदलणारच. डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, ब्रेक पाइपच्या नटासाठी १० एमएमचा फ्लेअर नट पाना तयार आहे (साधा पाना नटाचे कोपरे खातो).

अडलंय ते पाइपवर. नट गंजून पाइपला धरलाय. फिरवला की पाइपच पिळतो. नवा बनवायचा तर टोकाचा फ्लेअर (पसरवलेलं तोंड) डबल (कड आत दुमडलेला) की बबल (गोल फुगीर), हे जुन्या टोकावरून खात्रीने कसं ओळखायचं? चुकीचा फ्लेअर कितीही आवळला तरी गळतो. स्वस्त फ्लेअरिंग टूल स्टीलवर टिकेल, की निकेल-कॉपर पाइप घ्यावा? साधा तांब्याचा कृपया सुचवू नका.