इन्सुलिन घेऊन रोज कार चालवणाऱ्यांकडून मदत हवी आहे

नवऱ्याला टाइप १ डायबेटिस आहे. कोथरूड ते हिंजवडी स्वतः कार चालवतो. निघताना बोट टोचून शुगर बघतो; ९० च्या खाली असेल तर खाऊन, पुन्हा तपासूनच निघतो. ग्लुकोज पावडर हाताशी असते. शुगर उतरली तर ती सावरल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवायची नाही, हा ब्रिटनमधला नियम आम्ही पाळतो.

प्रश्न संध्याकाळचा आहे. भूमकर चौकात अडकलं की गाडी बाजूला घ्यायलाही जागा नसते, आणि मला घरी धाकधूक. डॉक्टरांनी दुपारचा डोस कमी केलाय. रोज कॅब परवडत नाही.

आता दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावणार आहोत, पण शुगर झपाट्याने उतरताना त्याचा आकडा थोडा मागे राहतो. सेन्सर वापरणाऱ्यांनो, गाडी चालवताना लो अलार्म कितीवर ठेवता? आणि तो कोंडीत वाजला तर नेमकं काय करता?