एपेक्सला राहायला जाताना: जे आधी कुणी सांगितलं नाही

नॉर्थ कॅरोलायनातल्या एपेक्सला यायचं ठरवणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत. नोकरी जवळच्या रिसर्च ट्रँगल पार्क या संशोधन-उद्योगांच्या वसाहतीत, मुलं लहान, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की गाव जुनं, शांत, मुलांसाठी उत्तम. २०१५ मध्ये 'मनी' मासिकाने राहण्यासाठी अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाव म्हणून एपेक्स निवडलं, तेव्हापासून तर हे सगळ्यांच्या तोंडी आहे. ते खरंही आहे. पण इथे आधीपासून राहणाऱ्यांनो, घर घेण्याआधी तुम्हाला काय माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहा. कौतुक थोडं, तपशील जास्त. सुरुवात मी करते.

दोन मुलांची आई, इथे ९ वर्षं

आम्ही शाळा बघून घर घेतलं. प्राथमिक शाळा चालत दहा मिनिटांवर. नाव घालायला गेले तर शाळा भरलेली! थोरल्याला बसने लांबच्या शाळेत जावं लागलं. एपेक्स ज्या वेक काउंटीत येतं, तिथे शाळांपेक्षा घरं भराभर उभी राहतात, म्हणून काही शाळांच्या पटावर मर्यादा असते. पत्त्यावरून नुसतं शाळेचं नाव बघू नका. ती 'कॅप' झाली आहे का, हे काउंटीच्या शाळा खात्याला विचारा.

दुसरं म्हणजे वर्षभर चालणारी शाळा. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा जुलैत सुरू होतात. मुलांचे चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी सुट्टी असणारे गट. साधारण नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी. एक ट्रॅक कायम सुट्टीवर असल्याने त्याच इमारतीत जास्त मुलं मावतात. लहान मुलांना हे मानवतं, थकायच्या आत सुट्टी येते. पण थोरला हायस्कूलला गेला आणि दोघांच्या सुट्ट्या जुळेनाशा झाल्या. त्याची जून ते ऑगस्ट, धाकटीची तुकड्यातुकड्याने. सगळ्यांनी मिळून महिनाभर सांगलीला जाणं बंद झालं. सासूबाईंना हे फोनवर सांगताना मला रडू आलं होतं. पुढे एका वर्षी धाकटीची सुट्टी दिवाळीत आली, तेव्हा आम्ही दोघीच गेलो. तिने चुलत भावंडांबरोबर पहिल्यांदा किल्ला केला. पारंपरिक वेळापत्रकाच्या शाळेसाठी अर्ज करता येतो, फक्त तारखा चुकवू नका.

२००३ पासून इथे

२००० च्या जनगणनेत गाव वीस हजारांचं होतं. २०२० च्या जनगणनेत ५८,७८०.

५ ऑक्टोबर २००६ च्या रात्री गावातल्या एका घातक रसायनांच्या कचऱ्याच्या केंद्राला आग लागली. क्लोरीनसारखा वास आणि ढग. जवळपास १७,००० लोकांना घरं सोडायला सांगितलं. मुलगी चार महिन्यांची होती. दुधाची बाटली, पासपोर्ट आणि देवघरातला बाळकृष्ण, एवढं घेऊन शेजारच्या कॅरी गावातल्या मित्राकडे गेलो. दोन दिवसांनी परतलो तेव्हा घर जसंच्या तसं होतं. गाव सोडावं असं त्या रात्री वाटलं होतं. राहिलो, कारण पोलीस दारोदार येऊन सांगत होते आणि ओळख नसलेली माणसं गाडीत जागा देत होती. पण तेव्हापासून घराच्या आजूबाजूला काय आहे हे मी प्रत्येकाला बघायला लावतो. गावाच्या नैर्ऋत्येला शिअरन हॅरिस अणुवीज केंद्र आहे. त्याच्या दहा मैलांत घर असेल तर भोंग्यांची चाचणी होते तेव्हा दचकू नका, आणि किरणोत्सर्गाच्या अपघातात थायरॉइड जपणाऱ्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या काउंटीकडून मोफत मिळतात, त्या आणून ठेवा.

देवरुखची आजी, दर वर्षी सहा महिने लेकीकडे

पहिलं वर्ष मी खिडकीत बसून काढलं. मला गाडी चालवता येत नाही, आणि या गावात गाडीशिवाय हलता येत नाही. लेकीला म्हटलं, मला परत पाठव. ती गप्प राहिली, ते अजून लागतं. आता गावात मोफत बस सुरू झाली आहे, तासाला एक. त्या बसने मी सॅलेम स्ट्रीटला जाते. विटांच्या जुन्या दुकानांची रांग, शेजारी १९१४ चं रेल्वे स्टेशन. या रुळांच्या वाटेवरची सर्वांत उंच जागा म्हणून गावाचं नाव एपेक्स, असं नातवाने सांगितलं. प्रवासी गाडी इथे थांबत नाही, ती कॅरीला. मालगाडी आली की नातू डबे मोजतो आणि मी त्याला मराठी आकडे म्हणायला लावते. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी अजून चुकतात.

माती मात्र आमच्यासारखी लाल, पण चिकट. कढीलिंब कुंडीतच लावा आणि नोव्हेंबरच्या आत घरात घ्या.

दमा असणाऱ्यांसाठी

मार्चअखेर ते एप्रिल, पाइनचे पिवळे परागकण. गाडी, ओटा, चपला, सगळं हळदीने माखल्यासारखं. त्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालू नका. औषधाची तयारी फेब्रुवारीतच करा.

तीन वर्षांपूर्वी आलेला

मुलगी एपेक्स फ्रेंडशिप हायस्कूलमध्ये आहे. फ्रेंडशिप म्हणजे मैत्री, छान नाव, एवढंच मला वाटलं होतं. मग कळलं, फ्रेंडशिप ही इथली जुनी कृष्णवर्णीय वस्ती, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या शाळेला तिचं नाव मिळालं. 'ऐतिहासिक गाव' म्हणताना आपण सॅलेम स्ट्रीटचे फोटो काढतो, ही वस्ती कुणी दाखवत नाही. नव्याने येणाऱ्यांनी त्या बाजूला जरूर जावं, माणसांशी बोलावं.

आमच्या कॉलनीच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ राहतात. गणपतीचे मोदक घेऊन गेलो, तर ते मला आमच्याच अंगणाकडे घेऊन आले. लहानपणी ते इथे तंबाखूची पानं तोडायचे. आमचं गॅरेज आहे तिथे पानं सुकवायचं कोठार होतं, आणि रात्रभर जाळावर लक्ष ठेवायला त्यांचे वडील त्यांना शेजारी बसवायचे.