भाचीचा खांदा दोनदा निखळलाय, ऑपरेशननंतर बॉक्सिंग परत जमतं का?

डिचोलीचो_मामा
नमस्कार मंडळी. भाची सतरा वर्षांची, बारावीला आहे, ५० किलोच्या आसपास खेळते, घर डिचोलीला आणि सराव म्हापशाला. मागे एकदा खांदा निखळला होता तो बसवून घेतला, मग चवथीच्या आधी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करताना परत निखळला. एमआरआयमध्ये लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या खोबणीची कड, फाटलंय असं आलं, डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या. त्याला घरात कुणाचा विरोध नाही, पण ताई आणि भावोजी म्हणतात ऑपरेशन झालं की ग्लोव्ज माळ्यावर, आजी तर म्हणते हात अधू झाला तर पुढे हिला कोण करून घेणार. आणि ही बया दिवसभर बॉक्सर निखत झरीनच्या फायटी लावून बसते, म्हणते तिचाही खांदाच गेला होता ना. मला ह्यातलं काडीचं कळत नाही, पण दोन्हीकडून फोन मलाच. खरंच इतक्या दुखापतीतून येऊन जिंकतात का, की पेपरात छापायला बरं असतं म्हणून?

रिंगसाईड_म्हापसा
मामा, भाची खरं सांगतेय, पण अर्धंच सांगतेय. निखत २०११ साली ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे नाव आधीच झालेलं. २०१७ मध्ये खांदा निखळला, ऑपरेशन झालं, वर्षभर जवळपास रिंगबाहेर. २०१८ ला बेलग्रेडला सुवर्ण, २०१९ ला बल्गेरियात स्ट्रांजा स्पर्धेत सुवर्ण. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच २०१९ च्या डिसेंबरात ऑलिंपिक पात्रतेच्या संघासाठी दिल्लीत ट्रायल झाली त्यात मेरी कोमने तिला ९-१ ने हरवलं आणि टोकियो गेलं हातातून. सीनियर वर्ल्ड चॅम्पियन ती झाली मे २०२२ मध्ये, इस्तंबूलला, थायलंडच्या जुतामास जितपाँगला ५-० ने हरवून. मग बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थ सुवर्ण आणि २०२३ ला दिल्लीत परत वर्ल्ड टायटल. आता २०१७ ते २०२२ मोजा. खांदा बरा व्हायला एक वर्ष, आणि उरलेली चार वर्षं आपला नंबर कधी लागतो ते बघण्यात. भाचीला तेवढी चार वर्षांची गोष्ट पण सांगा, व्हिडिओत ती नसते.

सत्तरीकर
मला थोडं उलट बोलायचंय, राग मानू नका. परत आलेल्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात, नाही आल्या त्यांची कोण सांगणार. खुद्द मेरी कोमचंच घ्या, २००७ ला जुळी मुलं झाली आणि २००८ ला परत वर्ल्ड चॅम्पियन, असली बाई. पण जून २०२२ मध्ये कॉमनवेल्थच्या ट्रायलला पहिल्याच राउंडमध्ये गुडघा फिरला, लिगामेंटचं ऑपरेशन झालं, आणि नोव्हेंबरात चाळिशी आली. ॲमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये चाळिशीनंतर खेळता येत नाही, संपलं. जिद्द काय तिच्यात कमी होती? तिच्या हातात वेळ उरला नव्हता. भाचीकडे वेळ आहे हे खरं, पण तिच्या आईबाबांना वेडं ठरवू नका. गोव्यात मुलीने बॉक्सिंगवर पोट भरायचं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. नॅशनल गेम्स झाले तेव्हा म्हापशाच्या पेडे स्टेडियमला गर्दी होती, एरवी कोण जातं बघायला.

फोंड्याची_फिजिओ
जिद्द-बिद्द बाजूला ठेवा जरा, खांद्याबद्दल बोलू. विशीच्या आत एकदा निखळला की परत निखळायची शक्यता खूप असते, म्हणून दुसऱ्या वेळी डॉक्टर ऑपरेशन म्हणाले त्यात नवल नाही. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग हळूहळू हालचाल, मग ताकद, आणि अंगावर मार घेण्याचे खेळ सहा महिन्यांच्या अलीकडे बहुतेक सर्जन देत नाहीत. घोळ होतो तो चौथ्या महिन्यात. दुखणं गेलेलं असतं, पोरं म्हणतात मी ठीक आहे आणि बॅग मारायला जातात. खांदा बॅगवर तितका नाही जात, जोरात मारलेला फटका समोरच्याला न लागता हवेत जातो तेव्हा जातो, म्हणून आधी शॅडो (एकटीने हवेत हळू ठोसे), मग बॅग, मग प्रशिक्षकाच्या हातातले पॅड आणि सगळ्यात शेवटी स्पारिंग, हा क्रम मोडायचा नाही. झोळी निघाली की पायांचं काम करू दे, धावणं, फूटवर्क, त्याला भरपूर वेळ मिळेल. प्रशिक्षकाने फिजिओला न विचारता रिंगमध्ये घेतलं तर सरळ भांडा.

आणि मामा, हिशोब करा ना. आत्ता ऑपरेशन केलं तर झोळी आणि व्यायामाचे महिने जातात नेमके बारावीच्या परीक्षेपर्यंत, त्या काळात तशीही ती खेळू शकत नाही. मग भांडण कशावर चाललंय? खेळायचं की नाही ते परीक्षेनंतर खांदा तपासून ठरवा.

डिचोलीचो_मामा
हे डोक्यातच आलं नव्हतं बघा. ताईला वाचून दाखवलं, गप्प बसली, म्हणजे निम्मं काम झालं. दोन प्रश्न राहिले. खर्च बराच सांगतायत. आणि खांदा उजवा आहे, लिहायचा हात तोच, पेपर कसे लिहिणार?

रिंगसाईड_म्हापसा
गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे ना घरात? चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत उपचार त्यात असतात. हे ऑपरेशन त्यात बसतं का ते बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा, बाहेर पैसे भरण्याआधी विचारा.

फोंड्याची_फिजिओ
कोपर, मनगट, बोटं पहिल्या दिवसांपासून हलवायला सांगतात. कोपर अंगाला लावून, टेबलावर हात टेकवून लिहिणं बहुतेकांना लवकर जमतं, तरी तुमच्या सर्जनला विचाराच. वर्गात फळ्यावर लिहायला मात्र उठायचं नाही, आणि दप्तर डाव्या खांद्यावर.